वेशीवरचा नगारा

आमच्या संग्रहालयात ‘वस्तूंना हात लावू नये’ अशी पाटी नाही. पुण्या-मुंबईची शिकलेली मंडळी येतात, त्यांना याचं फार नवल वाटतं. मागे एका गृहस्थांनी अभिप्रायाच्या वहीत सुरेख अक्षरात लिहून ठेवलं, की अशी पाटी तातडीने लावण्यात यावी. मी ते वाचलं, बरं म्हटलं आणि त्यांना चहा पाजला. पाटी होती हो आमच्याकडे. पिवळ्या रंगावर काळी अक्षरं, आणि अक्षर माझं. सध्या ती माझ्या घरी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

संग्रहालय म्हणजे आमच्या गावाची जुनी वेस. त्याला ना पगारी शिपाई, ना तिकीट. गावातलीच आम्ही काही माणसं पाळीपाळीने ते उघडतो, झाडून काढतो, आल्यागेल्याला माहिती सांगतो आणि तिन्हीसांजेला वर चढून नगारा वाजवतो. शनिवार माझा. गुडघे आता कुरकुर करतात, तरी शनिवार मी कुणाला देत नाही.

मी या गावच्या शाळेत रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते. नगर शहरात वाढलेली. गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारला एस.टी.तून उतरायचं आणि तिथून तासभर पायी. लवकरात लवकर बदली करून घ्यायची आणि नगरला परत जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि ते डोकं कायम तापलेलं असे. चूल धुपली तरी मी चिडायची, पोरांनी पाढे चुकवले तरी चिडायची, आणि कुणी ‘बाई, एवढं चिडू नका’ म्हटलं की मग विचारूच नका.

गावात शिरायचं म्हणजे वेशीतूनच. दगडी कमान, दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या देवड्या, आणि कमानीच्या माथ्यावर नगारखाना, म्हणजे तीन बाजूंनी उघडी, लाकडी खांबांची खोली. भिंतीच्या पोटातून वर जायला एकवीस पायऱ्या. त्यातल्या मधल्या चार ढासळलेल्या, म्हणून पंधरा-वीस वर्षांत कबुतरांशिवाय वर कुणी गेलं नव्हतं. एका देवडीत शेळ्या बांधत, दुसरीत कडबा भरलेला असे. एके दिवशी माथ्यावरचा दगड सुटला आणि उसाने भरलेल्या गाडीपुढे, बैलांच्या अगदी नाकासमोर येऊन आदळला. ग्रामसभेत ठरलं की वेस पाडून टाकायची.

तेव्हा आमचे मोठे गुरुजी, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, उभे राहिले. गुरुजींचा आवाज इतका बारीक, की पहिल्या बाकावरच्या पोरालाही कान द्यावा लागे. पण ते एकदा बोलले की मागे फिरत नसत. म्हणाले, “आम्हाला एक वर्ष द्या. वेस दुरुस्त करतो आणि तिच्यात गावाच्या जुन्या वस्तू नीट मांडून ठेवतो. पुढच्या पोरांना आपलं गाव कसं होतं ते कळेल.”

“करनार कोन?” सरपंचांनी विचारलं.

“आम्ही करू,” गुरुजी म्हणाले.

त्या ‘आम्ही’त मीही आहे हे मला दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गुरुजींना म्हटलं, मी पोरांना शिकवायला आले आहे, दगड वाहायला नाही. गुरुजी म्हणाले, “बरोबर आहे बाई. तुम्ही फक्त रविवारी या.” कपाळाला हात लावला आणि रविवारी गेले.

आम्ही सात-आठ जण होतो. गुरुजी, मी, गावातला शिंपी, तीन-चार शेतकरी, आणि एक म्हातारा गवंडी. चुन्यातलं काम येणारा पंचक्रोशीत तो एकटाच उरला होता. सिमेंट म्हटलं की त्याचं तोंड कडू व्हायचं. जमिनीत गोल चर खणून त्याने चुन्याची घाणी मांडली. चरातून दगडी चाक फिरवायचं आणि त्याखाली चुना, वाळू, हिरड्याचं पाणी, तागाचे तुकडे आणि गूळ असं सगळं लोण्यासारखं होईपर्यंत मळायचं. पहिले दोन महिने बैल होता चाक ओढायला. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, बैल चाऱ्यासाठी पाहुण्यांकडे धाडला गेला, आणि चाकाची दांडी आमच्या छातीशी आली. शिंपी आणि मी जोडीने ओढत असू. आपल्या शाळेच्या बाई घाण्याला जुंपल्यात, ही बातमी दोन-चार गावांत फिरून आली. माझ्या आईला ती नगरला कळली आणि तिचं चार पानी पत्र आलं.

गुळावरून तर भांडणच पेटलं. “मान्सांस्नी च्याला गूळ मिळंना आन् तुमी भितीला चारताय व्हय?” असं एका बाईने भर रस्त्यात विचारलं. तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी गवंड्याने एका बंद पडलेल्या गुऱ्हाळावरून भिजून काळा पडलेला गूळ आणला, जो जनावरंही खाईनात, तेव्हा कुठे गाव शांत झालं. आणि पाणी? चुन्याची नवी भिंत तीन आठवडे ओली ठेवावी लागते. प्यायच्या पाण्यासाठी बाया नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने हंडा भरत होत्या, तिथे भिंतीला पाणी मागायचं कुणी? गवंड्यानेच तोड काढली. लोक घमेल्यात उभं राहून अंघोळ करायचे आणि ते पाणी दुपारी वेशीवर आणून ओतायचे. गावाच्या सगळ्या वस्त्यांमधून पाणी येई. एकदा कुणीतरी नाक मुरडलं, की कुणाकुणाचं पाणी आणताय इथे. गवंडी वरूनच ओरडला, “भितीला समद्यांचं चालतंय! तुमालाच चालत न्हाई!” मला तो म्हातारा तेव्हापासून फार आवडायला लागला.

पण सांगायचंय ते आबांबद्दल. ते गावाचे नगारची. त्यांच्या घराण्याकडे वेशीवरचा नगारा वाजवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. सकाळी वेस उघडताना आणि तिन्हीसांजेला बंद करताना. पुढे वेस बंद करायची गरज राहिली नाही, तरी तिन्हीसांजेचा नगारा चालू होता. मग पायऱ्या ढासळल्या आणि तोही थांबला. आबा तेव्हा पन्नाशीचे असतील. मी पाहिले ते सत्तरीचे, उंच, वाळलेले, कानात भिकबाळी, आणि मनगटं मात्र शरीराच्या मानाने भलतीच जाड. त्यांना दगड उचलवत नसे. ते रोज येत, पडलेल्या दगडांच्या ढिगाशी बसत आणि कुठला दगड कुठून पडला ते हाताने चाचपून सांगत. गवंड्याने एकदा त्यांची परीक्षा पाहायला एक दगड मुद्दाम चुकीच्या ढिगात टाकला. आबांनी तो काठीने बाजूला सारला आणि म्हणाले, “ह्यो आपला न्हाई. ह्यो कुनाच्या तरी गोठ्याचा हाय.”

एका रविवारी मी पाटीतून राडारोडा वाहत असताना त्यांनी मला थांबवलं.

“बाई, वर जायला वाट हुईल का?”

“होईल की. त्यासाठीच तर चाललंय.”

“मंग मला येकदा वाजवायचाय. मराच्या आदी येकदा. दुसरं काय मागनं न्हाई माजं.”

मी म्हटलं, “एकदा का, रोज वाजवा. तुमचाच आहे.”

“माजा कसा? गावाचा हाय,” ते म्हणाले. “आपल्या मनानं न्हाई वाजवता येत. दसऱ्याला गावानं इडा द्याचा, पानसुपारीचा. मंग टिपऱ्या हातात द्याच्या. त्यो इडा वरीसभर चालतो. पायऱ्या पडल्या तवापून कुनी दिला न्हाई.” टिपऱ्या म्हणजे नगारा वाजवायच्या त्या दोन लाकडी काठ्या. आणि एकदा विडा घेतला, की घरात काहीही होवो, नगारची वर चढणारच, असंही त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी अंगात ताप असताना, दोन माणसांनी धरलेलं असताना वाजवला होता.

मी हो हो म्हणत ऐकलं. डोक्यावर पाटी होती, ऊन होतं, मागे शिंपी खोळंबला होता. ऐकलं आणि विसरले. हे विसरणं मला पुढे फार महागात पडलं.

नगारा आबांच्याच घरी होता. तांब्याचं मोठं भांडं. वरचं कातडं कधीच फाटून गेलेलं, त्यामुळे त्यांची सून त्यात बाजरी साठवायची. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात बाजरी संपली. आबांनी ते रिकामं भांडं शिंप्याच्या सायकलवर घालून वेशीवर पाठवून दिलं. त्याच उन्हाळ्यात त्यांची म्हैसही गेली. गुरांच्या छावणीवर न्यायचं ठरलं होतं, पण ती उठलीच नाही. आठ वर्षं त्यांनी तिला स्वतःच्या हाताने चारलं होतं. चार दिवस आबा वेशीवर आले नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि गुरुजींना म्हणाले, “तिचं कातडं ठिवून घेतलंय. नगाऱ्याला मढवा. लई चांगली हुती ती.” पुढे नेवाशाकडून कारागीर आला आणि त्याने आठवडाभर खपून नगारा मढवला. आबा त्याच्या शेजारी बसून होते. कातडं ताणलं जात असताना मध्येच ते उठून बाहेर जात आणि डोळे पुसून परत येत. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एका वर्षाच्या जागी जवळजवळ दोन वर्षं गेली, पण वेस उभी राहिली. पायऱ्या झाल्या, खांब बदलले, पिंपळाची मुळं निघाली. पाऊसही आला एकदाचा. मग आम्ही वस्तू गोळा केल्या. पायल्या, शेर, जाती, चामड्याची मोट, दौत-टाक, तलवारीची एक मूठ. प्रत्येक वस्तूपुढे मी पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून ठेवली. ‘पायली: धान्य मोजण्याचे माप’. बाया ते वाचून घेत आणि पदर तोंडाला लावून हसत. त्यांच्या घरी काल-परवापर्यंत पायलीनेच धान्य मोजलं जात होतं.

खरी पंचाईत पुढेच होती. वस्तू दिल्या म्हणजे कायमच्या दिल्या, हे गावाच्या गावीही नव्हतं. पाहुणे आले की कुणी येऊन आपली परात घेऊन जाई. एकाच्या विहिरीवरचं इंजिन बंद पडलं, तो दिवसभरासाठी मोट घेऊन गेला आणि संध्याकाळी ओली मोट परत आणून ठेवली, माझ्या चिठ्ठीवर. लग्नात हळद कांडायला मुसळ गेलं, ते आंब्याची पानं बांधलेल्या अवस्थेतच परत आलं. मी भडकले. हे संग्रहालय आहे की भांड्यांचं दुकान? त्याच तिरमिरीत मी फळी रंगवली आणि टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘वस्तूंना हात लावू नये’. आणि कुठे लावली, तर वर नगारखान्यात, नगाऱ्याच्या बरोबर मागच्या भिंतीवर. जिन्यावरून डोकं वर निघालं की पहिली तीच दिसावी म्हणून.

उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे पाहुणे यायचे ठरले. आणि आम्ही पडलो शाळामास्तर. पाहुणे म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे इन्स्पेक्टरच उभा राहतो. तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेत काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. फळे काळे कुळकुळीत होतात, कुंड्यांना गेरू लागतो, जे हलत नाही त्या सगळ्याला काही ना काही फासलं जातं. तसंच आम्ही वेशीचं केलं. मी हौसेने पुढे. दारांना लावायला आणलेलं वार्निश अर्धा डबा उरलं होतं. नगाऱ्याचं नवं कातडं मला मळकट वाटलं, मध्येमध्ये केसांची मुळं दिसत होती. मी त्यावर वार्निशचे दोन हात दिले. सुकल्यावर तिसराही दिला. काय चकाकला म्हणून सांगू! गुरुजी वाकून म्हणाले, “बाई, तोंड दिसतंय की यात.” टिपऱ्यांनाही मी एक हात मारला आणि त्या काचेच्या पेटीत लाल फडक्यावर मांडून ठेवल्या. त्या दिवशी माझ्याइतकं खूश गावात कुणी नसेल.

उद्घाटनाच्या सकाळी आबा सगळ्यांच्या आधी आले. धुवट धोतर, नवा नाही पण कडक इस्त्रीचा सदरा, आणि डोक्याला पिवळं मुंडासं. पायऱ्यांवर मध्ये एकदा बसावं लागलं, पण वर आले. वीस वर्षांनंतर नगारखान्यात उभे राहून त्यांनी तिन्ही बाजूंना पाहून घेतलं. नदी, मळे, कोल्हारकडची वाट. मग ते नगाऱ्याजवळ गेले, वाकले, तोंड कातड्याच्या अगदी जवळ नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मला वाटलं, म्हशीची आठवण आली असेल.

उभे राहिले तेव्हा त्यांनी पाटीकडे बोट केलं. त्यांना वाचता येत नसे.

“काय लिवलंय, बाई?”

मी ठसक्यात वाचून दाखवलं, “वस्तूंना हात लावू नये.”

आबांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “बरं झालं,” म्हणाले. “पोरं लई हात लावत्यात.” आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. गुरुजींचं भाषण नेहमीप्रमाणे कुणाला ऐकू आलं नाही. कार्यक्रमपत्रिका मीच आखली होती. त्यात स्वागतगीत होतं, हारतुरे होते, आभार होते. पाहुण्यांसाठी तबकात विडेही होते. आबा खांबाशी हात मागे बांधून सगळा वेळ उभे राहिले. मी दोनदा त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. शेवटी सगळे चहाला पांगले तेव्हा ते भिंतीला धरून एकटेच पायऱ्या उतरून गेले. मी पाहिलं, आणि दमले असतील म्हणून सोडून दिलं.

त्यानंतर आबा वेशीवर यायचे बंद झाले. मी विचारलं की कुणीतरी सांगे, थंडी आहे, गुडघे दुखतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. होळीच्या थोडं आधी, एका दुपारी, त्यांची सून भाजीची टोपली घेऊन माझ्या खोलीवर आली. सांगू की नको असं बराच वेळ तिचं चाललं होतं.

“बाई, तुमी रागवाल.”

“नाही रागावत. बोल.”

“त्या दिशी मामंजी पाटंच उठून आंघूळ करून बसल्ते. मला म्हनले, आज इडा मिळंल. संद्याकाळी आले ते बोललेच न्हाईत. मुंडासं घडी करून ट्रंकंत ठिवलं. म्या इचारलं, इडा दिला का? म्हनले, तितं आता हात लावायचा न्हाई असं लिवलंय.”

मी तिच्यावर रागावले नाही. तो राडारोड्याचा रविवार, डोक्यावरची पाटी, ‘दुसरं काय मागनं न्हाई माजं’, सगळं एकदम समोर आलं. दोन वर्षं त्या म्हाताऱ्याने एकेक दगड ओळखून दिला होता, आणि मी, उद्घाटनाचा पानभर कार्यक्रम आखणारी हुशार बाई, तबकातला एक विडा त्याच्या हातावर ठेवायला विसरले होते. वर त्याला हात लावू नये म्हणून वाचूनही दाखवलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली, की ती गेल्यावर मी दार लावून रडले.

संध्याकाळ व्हायच्या आत मी गुरुजींना गाठलं. ते लगेच सरपंचांना घेऊन आले. कोल्हारच्या बाजारातून आणलेली पानं शिंप्याच्या घरी होती. विडा तबकात घातला, पेटीतल्या टिपऱ्या काढल्या आणि आम्ही चौघं आबांच्या दारात गेलो. आबा ओट्यावर बसले होते. तबक पाहिलं आणि उठून उभे राहिले.

“हितं न्हाई,” म्हणाले. “वेशीत द्या.”

त्यांनी ट्रंकेतून मुंडासं काढून बांधलं. वेशीत पोचेपर्यंत मागे वीस-पंचवीस माणसं जमली होती. सरपंचांनी विडा दिला. टिपऱ्या गुरुजींनी माझ्या हातात दिल्या, तुम्हीच द्या म्हणाले. मी त्या आबांच्या ओंजळीत ठेवल्या. त्यांनी त्या कपाळाला लावल्या.

पायऱ्या चढताना ते तीनदा बसले. वर फक्त मी त्यांच्याबरोबर गेले, बाकीचे खाली थांबले. मला आठवत होतं, कातडं आधी शेकावं लागतं असं तेच आम्हाला सांगायचे. निखारा दाखवला की कातडं ताणतं आणि आवाज मोकळा होतो. मी म्हटलं, “आबा, विस्तव मागवू का?”

“नगं. आज आसाच,” म्हणाले.

त्यांनी पाय रोवले, हात वर नेला आणि टिपरी कातड्यावर टाकली.

ठप्प, असा आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दुसरी टिपरी टाकली, पुन्हा तेच. वार्निशच्या चकाकीवर एक पांढरी रेघ उमटली. आणि मग मला समजलं. एकदम, लख्ख समजलं. त्या म्हशीच्या कातड्यावर मी तीन हात दिले होते. तीन!

आबा थांबले नाहीत. आधी सावकाश, मग जलद, मग दोन्ही हात असे फिरायला लागले की टिपऱ्या दिसेनात. ती जाड मनगटं, मान किंचित वाकडी, डोळे नदीकडे. एकही ठोका गाळला नाही. आवाज मात्र पुरता बुडालेला. कमानीखाली उभ्या असलेल्यांना ऐकू आला असेल-नसेल, घराघरापर्यंत तर नाहीच. वीस वर्षांनी त्यांनी वाजवला तो एवढाच. नवं कातडं पुढच्या वर्षी बसलं, तेव्हा आबा नव्हते.

शेवटचा ठोका झाला. त्यांनी टिपऱ्या कपाळाला लावल्या आणि धापा टाकत खांबाला टेकून खाली बसले. मी त्यांच्यासमोर बसले. मला रडू आवरत नव्हतं.

“आबा, ते चकचकीत केलं ना, ते मी केलं. वार्निश लावलं. मला कळलं नाही.”

“ठावं हाय.”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाया कशाला पायजे? त्या दिशी वाकलो तवाच वास आला की.”

मला वाटलं होतं म्हशीची आठवण. मी डोळे पुसत विचारलं, “मग तेव्हाच का नाही बोललात? चांगलं झापायचं होतं मला.”

“पावन्यांम्होरं? दोन वर्सं डोक्यावर पाटी वाहिली तुमी. घाण्याला जुपून घेतलं. आन् म्या तुमाला चारचौघांत बोलू?” त्यांनी मान हलवली. “कातडं काय, दुसरं बसंल.”

“पण आज?” माझा आवाज नेहमीसारखा चढलाच. “वाजणार नाही हे तुम्हाला ठाऊक होतं ना? मग एवढ्या पायऱ्या कशाला चढलात? जीव काय वर आलाय तुमचा!”

वजाबाकी न येणाऱ्या पोराकडे मी जशी बघते, तसं आबांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुमी इडा घिऊन आलात न्हवं,” ते म्हणाले.

खाली लोक हाका मारायला लागले होते. मी उठून भिंतीवरची पाटी खिळ्यावरून काढली आणि काखेत घेतली. उतरताना एकवीसही पायऱ्या त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.